पुंगळी, केप, दारू, गोळी: घरी भरलेल्या काडतुसाची गोष्ट

'काडतूस' हा शब्द आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या गलबतांतून उतरला. त्यांचा 'कार्तुशु' म्हणजे कागदाची सुरळी. मोजलेली दारू आणि एक गोळी कागदात गुंडाळून ठेवायची, वेळ आली की दातांनी कागद फाडून सगळं नळीत ओतायचं. चणे बांधून देतात तशी पुडी. पिस्तूलही त्याच गलबतांतून आलं, पण ते असो.

देवगडजवळच्या आमच्या घरात ती पुडीसुद्धा पोचली नव्हती. आजोबांकडे होती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. तोंडातून दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग शिसं, वर पुन्हा बोळा, आणि मागे घोड्याखाली केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुक्कर शेजाऱ्याच्या वरकसात पोचलेलं असायचं. दारू मोजायला आजोबांकडे शिंगाचं मापटं होतं, अंगठ्याच्या पेराएवढं. ते काठोकाठ भरायचं आणि वरून बोट फिरवून सपाट करायचं, दर वेळी तस्संच. मी लहानपणी विचारलं होतं, थोडी जास्त घातली तर डुक्कर लवकर नाही का पडणार? ते म्हणाले, "डुकर ऱ्हवात बाजूक, तूच पडशीत."

गेल्या मे महिन्यात भाचा आंब्याला आला. तो अमेरिकेत माँटाना राज्यात राहतो आणि तिथे हंगामात रीतसर परवाना काढून एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या पुढे. रात्री खळ्यात गप्पा चालल्या होत्या, तेव्हा तो सहज बोलून गेला की मी माझी काडतुसं घरीच भरतो. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, उठूनच बसली. "घराकच? शेगडीबाजूक?" मग दोन रात्री त्याने ते आम्हाला समजावलं, मोबाइलमधले फोटो दाखवून आणि स्वयंपाकघरातली भांडी मांडून. सोबत आणणार काय? रिकामी पुंगळी बॅगेत निघाली तरी विमानतळावर पुढचा सगळा दिवस पोलिसांसमोर जायचा. मला जे समजलं ते इथे मांडतो.

आधी शब्द नीट करून घेऊ. आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण काडतुसात चार वस्तू असतात. बाहेरची पितळी नळी म्हणजे पुंगळी. 'घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या' असं पेपरात येतं, तीच. तिच्या बुडाला मधोमध बसवलेली, ठोका पडला की ठिणगी देणारी इवलीशी टोपी म्हणजे केप. आत दारू. आणि पुंगळीच्या गळ्यात घट्ट बसवलेली, नळीतून खरोखर बाहेर जाते ती गोळी. म्हणजे आजोबा जे चार टप्प्यांत नळीत भरत, तेच एका पितळी डबीत आगाऊ भरून ठेवलेलं. चारपैकी केप, दारू आणि गोळी एकदाच वापरायची. पुंगळी मात्र उरते, आणि त्या चौघांत सर्वात महाग तीच. घरी काडतूस भरण्याचा सगळा व्यवहार या उरलेल्या पुंगळीवर उभा आहे.

आता चाप ओढल्यावर काय होतं ते बघा. केपेची ठिणगी बुडाच्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. पेटते, फुटत नाही. हा फरक भाच्याने तीनतीनदा सांगितला. आधुनिक बिनधुराची दारू बंद जागेत पेटली की तिचा वायू होतो, आणि त्या वायूचा दाब क्षणार्धात चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या आसपास जातो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असतो तीस-पस्तीस. या दाबाने पुंगळी फुगून बंदुकीच्या पोलादी भिंतीला चिकटते, त्यामुळे वायूला मागे यायला फट राहत नाही आणि सगळा रेटा गोळीवर पडतो. गोळी नळीबाहेर गेली की दाब उतरतो, पितळ थोडं आक्रसतं आणि पुंगळी सुटून हातात येते. फुगायचं, सील व्हायचं आणि परत आक्रसायचं हे काम पितळाइतकं चांगलं क्वचितच दुसरं काही करतं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त, असं ते पितळ.

पण ते आक्रसतं 'थोडं'. मूळ मापावर येत नाही. शिवाय त्या बंदुकीच्या पोटाचा ठसा आता त्या पुंगळीवर उमटलेला असतो. म्हणून पुन्हा भरण्याआधी तिला साच्यात दाबून मापावर आणावं लागतं. टेबलाला घट्ट पकडलेलं, लांब दांड्याचं एक दाबयंत्र असतं. दिसायला उसाच्या चरकापेक्षा शेवेच्या सोऱ्याच्या जवळचं. त्यात पोलादी साचा बसवायचा, पुंगळीला तेलाचा पुसट हात लावायचा आणि दांडा ओढायचा. एकाच ओढीत पुंगळी मापावर येते आणि जुनी केप खाली पडते. तेल विसरलं तर पुंगळी साच्यात अशी अडकते की दुपार जाते. "प्रत्येकाची एकदा तरी गेलेली असते," असं भाचा म्हणाला. त्याची दोनदा गेली आहे, हे त्याच्या बायकोने सांगितलं.

या टप्प्यावर नवशिके एक चूक करतात: जमेल तितकं दाबतात. पुंगळी गरजेपेक्षा आखूड झाली की बंदुकीत तिच्यापुढे मोकळी जागा राहते, मग दर बाराला ती ताणली जाते. ताण बुडाच्या जरा वर येतो, तिथली भिंत आतून पातळ होत जाते, आणि एखाद्या दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात. ते बाहेरून कळतं तेव्हा एक चकचकीत कडं दिसतं. आतून कळायला भाचा टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून भिंतीवरून ओढतो. खाच लागली तर पुंगळी भंगारात. पिठात खडा लागतो का ते बोटाने बघावं, तसलं हे काम.

दारूकडे येऊ, कारण लोकांना सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. जास्त दारू म्हणजे जास्त जोर, असं वाटतं. खरा प्रश्न वेगळा: दारू किती वेगाने जळते? आपल्या चुलीकडे बघा. चुडत घातलं तर भडका उडतो आणि विझतो. करवंटी त्यापेक्षा टिकते. फणसाचा ओंडका तासभर धगधगतो. बंदुकीची दारूही अशी चुडताच्या, करवंटीच्या आणि ओंडक्याच्या जातीची मिळते. दाणे लहान-मोठे करून, त्यांना भोक पाडून, वर लेप देऊन कारखाने तिचा जळण्याचा वेग ठरवतात. दिसायला सगळे डबे सारखेच, काळपट-करडी खसखस. चुडताची दारू करवंटीच्या मापाने घातली तर पोलादी नळीसुद्धा फाटते. म्हणून भाच्याच्या टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा असतो. दुसरा कपाटात, कुलपात.

कुठल्या काडतुसाला कुठली जात, हे बऱ्याच अंशी नळीच्या रुंदीवर ठरतं, आणि इथे 'मिडियम बोअर' ही भानगड येते. बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. रायफलीत साधारण साडेआठ ते दहा मिलिमीटरला मध्यम म्हणतात. त्याखालची हरणासाठी पुरतात, त्यावरची हत्ती-रेड्यांसाठी बनली. मधली ही मोठ्या, जाड कातडीच्या, अंगाने भरलेल्या जनावरांसाठी: एल्क, मूस (हरणाच्या कुळातलं सर्वात थोराड जनावर), तपकिरी अस्वल. एक उदाहरण फार सोपं आहे. १९०६ साली अमेरिकी सैन्यासाठी .३०-०६ नावाचं काडतूस निघालं. त्याच पुंगळीचा गळा आवळून .२५-०६ झालं, आणि तोच गळा रुंद करून १९२२ साली .३५ व्हेलन. पोट एकच, गळे तीन. अरुंद गळ्याला ओंडक्याची दारू लागते, कारण वायूला पसरायला जागा कमी. भडका घातला तर दाब लगेच डोक्यावर जातो. रुंद गळ्यात गोळी जरा पुढे सरकली की मागे भरपूर जागा होते, तिथे ओंडका कुचकामी, करवंटी हवी. चिंचोळ्या व्हाळातून आणि रुंद नदीतून पाणी कसं चढतं ते पाहिलेल्याला हे पटकन कळेल.

भाच्याची रायफल ९.३×६२ ची. पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. बर्लिनच्या ओटो बॉक नावाच्या बंदूककाराने १९०५ मध्ये हे काडतूस काढलं, आफ्रिकेत गेलेल्या जर्मन वसाहतवाल्यांसाठी. साध्या माउझर रायफलीत बसावं आणि रेडाही थांबवावा म्हणून. अमेरिकेतल्या छोट्या गावच्या दुकानात तिची काडतुसं क्वचित मिळतात. घरी भरायचं त्याचं पहिलं कारण इतकं साधं आहे.

दुसरं कारण गोळी. या काडतुसाची नेहमीची गोळी २८६ ग्रेनची. ग्रेन म्हणजे मूळ जवाचा दाणा. सोनाराची एक गुंज जवळपास दोन ग्रेनची, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे साडेअठरा ग्रॅम, सेकंदाला सातशे मीटरच्या आसपास वेगाने. पण वजन आणि वेग सारखे असूनही दोन गोळ्या जनावराच्या अंगात अगदी वेगळ्या वागतात. शिकारीची गोळी आत गेल्यावर पुढून अळंब्यासारखी फुलली पाहिजे, म्हणजे जखम रुंद होऊन जनावर तडफडत राहत नाही. मात्र लवकर फुलली तर ती वरच्या मांसातच फुटून थांबते. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन कॅनडात मूसच्या शिकारीला गेला होता. मूसच्या अंगावर चिखलाचा वाळलेला थर, आणि त्याच्या गोळ्या त्यातच फुटून जात, आतपर्यंत पोचेनात. चिखलात लोळून आलेलं रानडुक्कर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. घरी येऊन त्याने मधोमध तांब्याची आडवी भिंत असलेली गोळी बनवली: पुढचं शिसं फुलतं, भिंतीमागचं तसंच राहून आत घुसतं. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली आणि आजही मिळते. आता निव्वळ तांब्याच्याही गोळ्या आहेत. शिकारीच्या अवशेषातलं शिसं खाऊन गिधाडं मरतात, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदीच घातली. आपल्या गिधाडांना वेगळ्याच औषधाने मारलं, तो विषय मोठा.

घरी भरणाऱ्याला ही गोळी निवडता येते. मग पुस्तकातला तक्ता उघडायचा (दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून हे तक्ते छापतात), तिथल्या सर्वात कमी मापापासून सुरुवात करायची आणि बारीक पायऱ्यांनी वर जायचं. वर जाताना पुंगळ्या बोलतात. केपेच्या गोलसर कडा चपट्या झाल्या, रायफल उघडायचा दांडा उचलायला जड गेला, की थांबायचं आणि मागे यायचं. बहुतेक वेळा सर्वात अचूक माप सर्वात जोरदार नसतंच. मला हे ऐकून शिंगाचं मापटं आठवलं. बाराच्या बारा काडतुसं एकसारखी होणं, हाच या उद्योगाचा गाभा. पुंगळीची लांबी सारखी, दारू दशांश ग्रेनपर्यंत सारखी, गोळी बसवण्याची खोली सारखी. तेव्हाच शंभर मीटरवरच्या कागदावर भोकाशेजारी भोक पडतं आणि जनावरावर दुसरी गोळी झाडावी लागत नाही.

भरताना सगळ्यात मोठी भीती एकाच पुंगळीत दोनदा दारू पडण्याची, आणि तितकीच अजिबात न पडण्याची. दुसरी ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण नुसत्या केपेच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आवाज 'फुस' होतो, माणूस वैतागून दुसरं काडतूस झाडतो, आणि नळी फुटते. म्हणून पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करतात, सगळ्यांत दारू घालून झाली की वरून विजेरी मारून आतली पातळी बघतात, मगच गोळ्या बसवतात. इडलीपात्रात पीठ घालून झाल्यावर आपण वरून एक नजर टाकतो ना, तेच. भरताना फोन बंद. बहिणीला ही गोष्ट सगळ्यात आवडली.

आता आपल्या हवेबद्दल. काडतुसाच्या इतिहासात आपला उन्हाळा आणि पावसाळा यांना चांगलंच स्थान आहे. इंग्रजांची जुनी बिनधुराची दारू, कॉर्डाइट, उष्णतेला फार हळवी होती. लंडनच्या थंडीत ठीक असलेलं काडतूस मे महिन्याच्या उन्हात तापलं की दाब वाढायचा आणि पुंगळी आत घट्ट बसायची. पुढ्यात वाघ आणि बंदूक उघडेना! म्हणून हिंदुस्थान-आफ्रिकेसाठीच्या इंग्रजी काडतुसांत पुंगळी मोठी आणि दाब कमी ठेवत. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने काढलेलं .३७५ हे मिडियम बोअरचं सर्वात प्रसिद्ध काडतूस, त्याची पुंगळी गाजरासारखी निमुळती आहे. तशी पुंगळी गरम हवेतही सहज सुटून येते. आजच्या दारू उष्णतेला बऱ्याच सोशिक आहेत, तरी माँटानात हिवाळ्यात ठरवलेलं माप कोकणातल्या मेमध्ये तसंच वागेल, असं कुणी समजू नये.

पावसाळ्याची गोष्ट त्याहून भारी. इंग्रजी फौजेच्या हिंदुस्थानातल्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप चिरा पडत. कुणी हात लावलेला नसे, तरी पुंगळीचा गळा तडकलेला. काडतुसं ठेवलेली असायची घोड्यांच्या पागांमध्ये. १९२१ साली कारण नीट उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ. पितळ साच्यात ओढून घडवताना त्यात जो ताण अडकून राहतो, त्याच ताणाच्या जागी अमोनिया ते पोखरतो. उपाय तांबटाच्या आळीत कुणीही सांगितला असता. हंडा ठोकून ठोकून कडक झाला की तो भट्टीत घालून मऊ करतात आणि मग पुढे ठोकतात, नाहीतर तडकतो. पुंगळीचंही तेच करायचं. आज घरी भरणारेसुद्धा चार-पाच वेळा वापरलेल्या पुंगळीचा गळा ज्योतीवर धरून मऊ करतात. फक्त गळा. बूड मऊ झालं तर सगळा दाब तोंडावर येईल, म्हणून बूड गार राहील अशी तजवीज करतात.

हे सगळं वाचून कुणाचे हात शिवशिवत असतील, तर त्यांनी कायदा आधी वाचावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रसामग्री येते. म्हणजे भाच्याच्या टेबलावरचा तो सोरा आपल्याकडे नुसता दिवाणखान्यात ठेवला तरी तो दारूगोळा. परवान्याशिवाय काडतूस बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला असा परवाना लागत नाही. शिकारीचं म्हणाल तर आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराला मारायलाही वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो, आणि मेलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. 'रानात जाऊन येऊ' म्हणणाऱ्या मंडळींना हे शेवटचं वाक्य विशेष कडू लागतं, हे मी पाहिलंय.

त्याच शस्त्र कायद्याने ठासणीच्या बंदुकीला मात्र एक कोपरा ठेवला आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देण्याची वेगळी तरतूद त्यात आहे. कोकणातल्या कित्येक घरांत भिंतीवर टांगलेल्या बंदुका या तरतुदीतल्या. दर निवडणुकीला त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की आणायच्या. आजोबा गेले त्या वर्षी आमची जमा केली ती परत आणलीच नाही. परवाना त्यांच्या नावाचा, आणि वारसाने अर्ज करायचा तर घरात बंदूक चालवणारं कुणी उरलं नव्हतं.

मापटं मात्र राहिलं. दुसऱ्या रात्री मी ते कपाटातून काढून भाच्यासमोर ठेवलं. त्याने ते दिव्याखाली फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मामा, नाचणी आहे का?" सोनं तोलायला बहिणीने मागवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, आणि पठ्ठ्याने आजोबांसारखंच मापटं काठोकाठ भरून, वर बोट फिरवून, दहा वेळा नाचणी तोलली. आकडे वहीत मांडले. जास्तीत जास्त फरक निघाला चार दाण्यांचा. तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, आता तू भर. माझे दहा आकडे मी इथे देत नाही.

बहीण आतून ओरडली, "झाला असला तर ती नाचणी परत डब्यात घाला. सकाळची आंबील तिचीच आसा."